परावर्तक पृष्ठभाग म्हणजे रिपीटर नव्हे
ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या आड मोबाइलचा सिग्नल पोहोचवणारा परावर्तक पृष्ठभाग म्हणजे स्वस्तातला रिपीटरच, म्हणून तो दूरच्या गच्चीवर बसवावा, हे आपले मत मला पटत नाही. रिपीटर सिग्नल वाढवून पुढे पाठवतो. हा पृष्ठभाग मात्र आपल्या शेकडो लहान घटकांतील डायोडांच्या साहाय्याने परावर्तित लहरींची फेज (चढउतारांची वेळ) अशी बदलतो, की हव्या त्या दिशेला त्या एकमेकींना बळ देतात. घटक दुप्पट केले, तर आदर्श स्थितीत मोबाइलपर्यंत पोहोचणारी शक्ती चौपट होते. परंतु टॉवर ते पृष्ठभाग आणि पृष्ठभाग ते मोबाइल या दोन टप्प्यांतील सिग्नलच्या ऱ्हासांचा गुणाकार होतो आणि तो मधोमध सर्वाधिक भरतो, म्हणून पृष्ठभाग मधोमध नव्हे, तर एका टोकाजवळ बसवावा लागतो. आपण सुचवलेल्या दूरच्या गच्चीऐवजी मी सिग्नल न मिळणाऱ्या इमारतीसमोरची, टॉवर स्पष्ट दिसणारी भिंत निवडेन.