विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असे पुस्तिकेत छापावे का?

गाववाला_कोथरूड

नमस्कार. आमचे मूळ गाव देवगड तालुक्यात, विजयदुर्गाच्या वाटेवर आहे. गेली तीस वर्षे मुक्काम मात्र कोथरूडला. पुण्यात स्थायिक झालेल्या गावकऱ्यांचे आमचे एक लहानसे मंडळ असून यंदाच्या स्नेहमेळाव्यासाठी त्या किनाऱ्याचा इतिहास, भूगोल आणि तिथली माणसे यांविषयी सोळा पानांची पुस्तिका काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मजकूर तपासताना मंडळातील एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘१८६८ साली लॉकयर साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला’ या वाक्याखाली तांबडी रेघ मारून समासात ‘पुरावा?’ एवढेच लिहिले. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. ‘पेशव्यांनी आरमार बुडवले आणि बंदर संपले’ या वाक्यावर प्राध्यापकांचा आक्षेप नाही, परंतु सदाशिव पेठेतील एका सभासदांचा फार आहे. दोन्ही वाक्यांबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खगोल_छंदी

प्राध्यापकांनी रेघ योग्य ठिकाणी मारली आहे. माझ्या मते या दंतकथेत दोन वेगवेगळी खग्रास सूर्यग्रहणे एकत्र मिसळली आहेत आणि ती सुटी केली की बहुतेक गुंता आपोआप उकलतो.

पहिले ग्रहण १८ ऑगस्ट १८६८ चे. त्या दिवशी चंद्राची सावली भारत ओलांडून गेली आणि वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारे उपकरण) घेऊन निरीक्षक ठिकठिकाणी बसले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर मात्र तेव्हा भारतातच नव्हते. सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट ग्रहण नसतानाही पाहता येतो, हे त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्या वर्णपटातील पिवळी रेषा सोडियमच्या दोन रेषांच्या शेजारी असूनही त्यांच्याशी जुळत नव्हती, म्हणून ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी असे अनुमान निघाले आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. पुढे १८९५ साली विल्यम रॅमसे यांना तो वायू पृथ्वीवरच्याच एका युरेनियमयुक्त खनिजात सापडला.

दुसरे ग्रहण २२ जानेवारी १८९८ चे, आणि त्यासाठी लॉकयर खरोखरच विजयदुर्गाला आले होते. ‘मेलपोमनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. म्हणजे साहेब आले हे खरे, ग्रहण पाहिले हेही खरे. परंतु तोवर हेलियमच्या पिवळ्या रेषेला तीस वर्षे आणि रॅमसे यांच्या प्रयोगाला तीन वर्षे होऊन गेली होती. लोकस्मृतीने पाहुणा १८९८ चा घेतला आणि तारीख १८६८ ची.

आणखी एक साधी गोष्ट. ऑगस्टच्या मध्यावर कोकणात सूर्य किती दिसतो, हे प्रश्नकर्त्यांना मी सांगण्याची गरज नाही. निवड करता येत असेल तर त्या महिन्यात कोणीही खगोलशास्त्रज्ञ सह्याद्रीच्या पूर्वेलाच जाईल.

आपले मंडळ पुण्याचे आहे म्हणून एक भर घालतो. १८९८ चेच ग्रहण पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथून पाहिले आणि त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. ही वेधशाळा तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात (आता सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) होती, आणि तिची वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. त्या चौकातून रोज जाणाऱ्या किती पुणेकरांना हे नाव ठाऊक असेल, अशी मला शंका आहे.

सड्यावरचा

मी त्याच भागात राहतो. वरील खुलासा मान्य आहे, तरी पुस्तिकेतून किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ गाळू नयेत ही विनंती. पावसाळा सरला की हे चौथरे गुडघाभर गवतात असतात. पर्यटक त्यांवर डबा उघडून बसतात आणि ते कशासाठी बांधले हे विचारतही नाहीत. ‘१८९८ च्या ग्रहणाच्या आठवणीशी जोडलेले ओटे’ एवढे लिहिले तरी पुरे, शोधाचा मान उगाच कशाला हवा?

साहेबाने युद्धनौकेसह याच जागी यावे, याला भूगोलाचेही पाठबळ आहे. कोकणातील बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचून मोठ्या गलबतांची वाट अडते. आमच्या वाघोटणच्या खाडीला तसा अडसर नाही आणि किल्ला तोंडाशीच उभा असल्यामुळे आत नांगरलेली जहाजे लाटांपासून सुरक्षित राहतात. वर खारेपाटणपर्यंत ही खाडी व्यापाराची जुनी वाट होती. तिथला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट १००८ सालचा आहे. किल्लाही शिलाहारांच्याच काळातला, दुसऱ्या भोजाने बांधलेला मानतात.

माणसांविषयी लिहिताना मासेमारी करणारे गाबीत आणि दालदी, दोघेही यावेत. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, बागायतदारांचे कष्टही यावेत. येथे माती अशी नाहीच, सगळा जांभा कातळ. त्यात सुरुंगाने खड्डा पाडून, बाहेरून माती आणून भरून मग हापूसचे कलम लावायचे. ज्या देवगड हापूसच्या पेटीसाठी तुम्ही मार्केट यार्डात घासाघीस करता, तिची सुरुवात अशी होते. माझे आजोबा मुंबईला बोटीने जात. बोट दूर उभी राही आणि पडावातून ट्रंक सांभाळत तिच्यापर्यंत पोहोचावे लागे. पुढे रस्ते झाले, बोट बंद पडली आणि गाव बंदराकडून एसटी थांब्याकडे तोंड करून बसले. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. ही घट आकडेवारीत दिसण्यापूर्वीच बंद घरांच्या कड्यांवर दिसत होती.

दप्तर_वाचक

सदाशिव पेठेतील सभासदांची बाजू अर्धीच घेता येईल. विजयदुर्गावरील मराठा आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांची मदत घेतली, ही चूक नाकारण्यात अर्थ नाही. मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये जी आग लागली ती ॲडमिरल वॉटसन यांच्या तोफांनी. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडून जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर गोळा पडला, ते पेटले आणि एकमेकांशेजारी नांगरलेले बाकीचे आरमार त्या आगीत गेले. रॉबर्ट क्लाइव्ह जमिनीवरील तुकडीसह हजर होता. किल्ला हाती आल्यावर इंग्रज तो सोडीनात; त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहात बाणकोटच्या बदल्यात तो पेशव्यांकडे आला.

‘बंदर संपले’ हे मात्र सरळ चुकीचे आहे. यानंतर पेशव्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे विजयदुर्गच होते आणि एप्रिल १७८३ मध्ये त्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज लढून पकडले. आंग्र्यांचा दरारा गेला तो कायमचा गेला, हे खरे. पण त्यापुढच्या बासष्ट वर्षांना एका वाक्यात पुसून टाकू नये. किल्ला इंग्रजांकडे गेला तो १८१८ मध्ये.

गाववाला_कोथरूड

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. हेलियमचे वाक्य काढून तेथे असा मजकूर घेतला आहे: ‘हेलियमच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते नॉर्मन लॉकयर २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी विजयदुर्गास आले होते. त्या आठवणीतील ओटे किल्ल्यावर आहेत.’ प्राध्यापकांनी त्यापुढे बरोबरची खूण केली. आरमाराचा परिच्छेद वाढून पाऊण पान झाला असून त्यासाठी मला माझ्याच आडनावाच्या घराण्याची वंशावळ कापावी लागली. ‘सड्यावरचा’ यांनी गवत वाळल्यावर ओट्यांचे एक छायाचित्र पाठवल्यास मुखपृष्ठाचाही प्रश्न मिटेल. आमच्याकडे आहेत त्या सगळ्या छायाचित्रांत ओट्यांवर आमचीच मंडळी डबे उघडून बसलेली आहेत.