मदत हवी आहे: चित्रकलेचे सर निवृत्त झाले, लेकीच्या इंटरमिजिएटची तयारी कशी करून घेऊ?

नमस्कार मंडळी,

आम्ही खटाव तालुक्यात, वडूजजवळच्या एका गावात राहतो. मी पतसंस्थेत कारकून आहे. चित्रकलेतलं मला काहीही कळत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मुलगी यंदा नववीत आहे. चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेच्या दोन पायऱ्या असतात, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. आठवीत एलिमेंटरीला तिला अ श्रेणी मिळाली. त्यामागे शाळेतल्या चित्रकलेच्या सरांची मेहनत होती. शाळा सुटल्यावर ते पंधरा-वीस मुलांना थांबवून घ्यायचे, स्वतःच्या घरून तांब्या, किटली, वांगी आणून मांडायचे. एप्रिलमध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. चित्रकलेचे दोन्ही तास आता गणिताला दिले आहेत. मुख्याध्यापकांना भेटले, तर ते म्हणाले, "दहावीचा पाया पक्का होतोय, तुमच्याच मुलीचा फायदा आहे." त्यांच्यावरही निकालाचं दडपण असणार, हे मी समजू शकते. पण बुधवारी आणि शुक्रवारी ही मुलगी ज्या आनंदाने दप्तर भरायची, तो आता दिसत नाही.

धाकटा मुलगा वडूजला हार्मोनियम शिकतो. त्याचं वेगळं आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा क्लासमार्फत देता येतात. प्रारंभिक झाली, आता प्रवेशिका प्रथम. शाळेत संगीत शिक्षक नसले तरी त्याची वाट अडत नाही. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचं सगळं मात्र शाळेतून चालतं, आणि आमच्या भागात चित्रकलेचा क्लास नाही. साताऱ्याला आहेत, पण रोज जाऊन-येऊन तीन-चार तास एसटीत घालवणं तिला झेपणार नाही.

परीक्षा सहसा सप्टेंबरच्या अखेरीस असते, म्हणजे हातात तीन महिनेही नाहीत. शाळेत कलाशिक्षक नसेल तर अर्ज कसा भरायचा? आणि घरी मी तिच्याकडून काय करून घेऊ? स्मरणचित्र ती मन लावून काढते. संकल्पचित्रही, म्हणजे नक्षीकामही बरं जमतं. स्थिरचित्रात, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू बघून काढण्यात, काहीतरी चुकतं, पण काय ते मला सांगता येत नाही. तिचा तांब्या पडेल की काय असं वाटतं. भूमिती आणि अक्षरलेखनाला तर ती हातच लावत नाही, कारण यंदा घनभूमिती आहे आणि ती कोणी शिकवलेलीच नाही.

अ श्रेणीला दहावीत 7, ब ला 5 आणि क ला 3 वाढीव गुण मिळतात, हे ठाऊक आहे. नातेवाईक म्हणतात, सात गुणांसाठी एवढी धडपड कशाला. मला गुणांपेक्षा तिचा हात सुटू नये असं वाटतं. कृपया मार्ग सांगा.

प्रतिसाद 1

ताई, मी बत्तीस वर्षं कलाशिक्षक होतो. ग्रेड परीक्षेच्या केंद्रावरही बरीच वर्षं काम केलं आहे.

आधी अर्जाचं बघा. आमच्या केंद्रावर आसपासच्या चार-पाच शाळांची मुलं यायची, आणि त्यातल्या एक-दोन शाळांत कलाशिक्षक नसायचा. मुख्याध्यापकांनी नावं वेळेत भरणं महत्त्वाचं. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वडूजमध्ये ज्या शाळेत केंद्र असेल तिथल्या कलाशिक्षकांनाही भेटा. सराव चालू असेल तिथे एक मुलगी जास्त बसली तर कोणताही चित्रकलेचा मास्तर नाही म्हणणार नाही.

आता तांब्या. फोटो न बघताच सांगतो, तिने तांब्याचा तळ सरळ रेषेत काढला असणार. तोंड गोल दिसतं म्हणून मुलं ते लंबवर्तुळाकार काढतात, आणि तळ जमिनीवर टेकलाय म्हणून तिथे पट्टीसारखी रेघ ओढतात. तिला स्टुलावर तांब्या ठेवून समोर बसवा. डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली जाईल, तितकं ते जास्त फुगीर दिसतं. म्हणजे तळाची गोलाई तोंडाच्या गोलाईपेक्षा जास्त. काचेच्या ग्लासात अर्धं पाणी भरून दाखवा. काठ, पाणी आणि तळ अशी तिन्ही वर्तुळं तिला एकदम दिसतील. मग मधोमध उभी मध्यरेषा आखून दोन्ही बाजू मोजायला लावा. आठ दिवस फक्त हेच, रंग नको. त्यानंतर मागे एखादी साधी ओढणी चुण्या पाडून टांगा आणि उजेड एकाच बाजूने येऊ द्या. दोन खिडक्यांचा उजेड आला की सावल्या गोंधळतात.

भूमितीची भीती घालवायला कर्कटक, गुण्या आणि टोकदार एच पेन्सिल एवढंच लागतं. रचनेच्या रेषा फिकट, उत्तराची रेषा ठळक. घनभूमितीसाठी पुठ्ठ्याचा घन, शंकू आणि प्रिझम तिलाच करायला सांगा. वरून बघून काढलं तो प्लॅन, समोरून बघून काढलं ते एलिव्हेशन. वस्तू हातात फिरवली की निम्मं कोडं सुटतं.

आणि ताई, औंध तुमच्याच तालुक्यात आहे! औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी 1938 मध्ये उभारलेल्या तिथल्या भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. पोरीला घेऊन जा. रविवर्म्याच्या चित्रातल्या साडीच्या चुण्या तिला अर्धा तास उभं राहून बघू द्या. ओढणीच्या सरावाला त्याहून चांगला धडा माझ्याकडे नाही.

प्रतिसाद 2

मी उपयोजित कलेचं शिक्षण घेतलं आहे. सातच गुण म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, की बारावीनंतर बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, राज्याची जी कला सीईटी ही प्रवेश परीक्षा होते, तिच्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांची प्रात्यक्षिकं असतात. आज ती जे गिरवते आहे तेच तिथे लागतं. तिला पुढे या वाटेने जायचं नसलं तरी बिघडत नाही, पण वाट बंद व्हायला नको.

स्मरणचित्रासाठी एक सुचवतो. आठवडी बाजाराला तिला सोबत न्या आणि मोबाइलवर फोटो काढू देऊ नका. भाजीवाली बसते कशी, तराजू धरताना कोपर कुठे जातं, ओझं घेतलेला माणूस कुठल्या बाजूला झुकतो, हे बघून घरी येऊन काढायचं. कागद पाव इंपिरिअल, म्हणजे साधारण 11 बाय 15 इंच, हाच वापरा. वहीच्या पानावर सराव केलेल्या मुलांची माणसं मोठ्या कागदावर एका कोपऱ्यात आखडून बसतात.

धागाकर्ती

सर, तळ खरोखरच सरळ रेघेत होता! ग्लासात पाणी भरून दाखवलं तर ती दहा मिनिटं नुसती बघत बसली, मग म्हणाली, "आई, मी इतके दिवस बघतच नव्हते." काल रात्री तिने सहा तांब्ये काढले. शेवटचे दोन जमिनीवर नीट बसलेत.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहून ठेवला आहे. शाळेतल्या आणखी चार मुलींच्या पालकांनी त्यावर सह्या केल्या, त्यांच्या मुलीही एलिमेंटरी झालेल्या आहेत. सोमवारी आम्ही पाचजणी मिळून जातो आहोत. रविवारी सगळ्या मुलींना घेऊन औंधला जायचं ठरलं आहे.

सर, पुठ्ठ्याचा घन आणि प्रिझम झाले. शंकू मात्र दोनदा करूनही तळाशी उघडाच राहतो. कापलेला पाकळीसारखा तुकडा कमी पडतो आहे. तिच्या कच्च्या आकृतीचा फोटो टाकते, जरा बघाल का?