वाटी-चमच्यापासून झाशीच्या वेढ्यापर्यंत

आत्मचरित्रं आणि यशाचे मंत्र सोडून 'कामाची' पुस्तकं सुचवा म्हणताय, तर माझी थोडी भर.

सगळ्यात आधी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. कर्ज फेडायला पैसे मिळवावेत म्हणून कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक उत्तरेत जातो आणि नेमका १८५७च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत शहरात होता! इतिहासकाराचा आव नाही. भूक, भीती, दक्षिणा सगळं सरळ सांगतो. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ते छापलं, पण भाषेवर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र', म्हणजे महिन्यागणिक बदलणाऱ्या निसर्गावरचे लेख, सलग वाचू नका. चैत्र लागला की चैत्र वाचायचा, मग खिडकीतून बाहेर बघायचं. मी तसंच करतो, फाल्गुन मात्र दर वर्षी राहून जातो.

आणि हो, हसू नका, पण 'रुचिरा' हे स्वयंपाकाचं पुस्तकसुद्धा. कमलाबाई ओगले आजींनी वाटी-चमच्याचं माप दिलं, म्हणून माझ्यासारख्या अडाण्याची आमटी जमली. माझ्या प्रतीचं हळदीने पिवळं झालेलं पान नेमकं आमटीचंच आहे.