पोलंडच्या सुनेसाठी त्वारुग: नागपुरात मिळेल का, घरी जमेल का?

रातराणी:

नमस्कार मंडळी, खामल्याहून लिहिते आहे. धाकटा मुलगा शिकायला पोलंडला गेला होता. लग्न तिथेच जमलं आणि इथल्या मिहानच्या औद्योगिक भागात नोकरी लागल्यावर दोघंही इकडे आले. सूनबाई पोझनानची. वरणभात, झुणका, वडाभात सगळं आवडीने खाते, तिखटाचीही सवय झाली आहे. आता तिला पाचवा महिना आहे आणि डोहाळे लागलेत ते त्वारुगचे.

त्वारुग म्हणजे त्यांच्याकडचं रोजचं ताजं पांढरं चीज. सकाळी ब्रेडवर लावून मधासोबत खातात. तिच्या भागात तर त्यात मुळा, कांद्याची पात आणि आंबट साय कालवून उकडलेल्या बटाट्यांबरोबर जेवतात, त्याला ग्झिक म्हणतात. मुळा आणि पात बाजारात मिळते, बटाटे घरात आहेत. अडलंय ते चीजपाशी.

पनीर कुस्करून दिलं तर तिने खाल्लं, पण चवीला सपक आणि दाताखाली चिवट लागतं म्हणाली. मिठाईवाल्याकडून चक्का आणला. त्याचा आंबटपणा जवळचा वाटला, पण तो अगदी गुळगुळीत, कण म्हणून नाही. डब्यातलं क्रीम चीज खारट निघालं.

तिची आई एवढ्या लांब. या दिवसांत पोरीला जे खावंसं वाटतं ते घरात मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नागपुरात कुठे विकत मिळतं का? नाहीतर कोणी घरी केलंय का? ऊन तापायला लागलंय, तेही धरून सांगा.

इतवारीकर:

काकू, विकत शोधण्यात वेळ नका घालवू. धरमपेठ, सदर, वर्धा रोड इकडल्या मोठ्या दुकानांत बाहेरचं चीज भेटते, पण ते गौडा, पार्मेझान असं मुरवलेलं, नाहीतर फेटासारखं खारवलेलं. तुम्ही म्हणता तो ताजा माल आहे, थोड्या दिवसांत खपवायचा. तो तिकडून इथपर्यंत कोणी आणून नाही राहिलं. घरीच करावं लागते.

सामान मात्र सगळं इथेच भेटते. मलमलचं कापड गांधीबागेत मीटरवर घ्या, कोरं आणि बिनरंगाचं. पातेली लागली तर भांडे ओळीत जा. एकात एक बसतील अशी दोन पाहून घ्या, बाकीचे सांगतीलच कशाला ते.

गोकुळपेठ:

ताई, मी तर म्हणते पनीरच करा, फक्त लिंबाऐवजी दह्याने फाडा. उकळत्या दुधात वाटीभर आंबट दही घातलं की पनीर मऊ येतं, थोडा आंबूसपणाही राहतो. वजनाखाली फार वेळ ठेवू नका. अर्ध्या तासाचं काम आहे, रोज ताजं देता येईल.

दुग्धशास्त्र:

गोकुळपेठ ताईंचं पनीर मऊ होईल यात शंका नाही, पण ते पनीरच राहील आणि सूनबाईंची तक्रार तशीच राहील. पुसदजवळ वरूडच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजात शिकलो, नोकरीही दुधातच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पनीर करताना दूध ८५-९० अंशांपर्यंत तापवतात आणि मग आंबट घालतात. दूध क्षणात फाटतं. त्यात दही घातलं तरी एवढ्या उष्णतेत विरजणाचे जंतू मरतात, म्हणजे आंबवण होतच नाही. घातलेला आंबटपणा बराचसा निवळीबरोबर, म्हणजे सुटलेल्या पाण्याबरोबर, वाहून जातो. चोथा घट्ट बांधला जातो तो वेगळाच, म्हणून तर पनीर तळलं तरी वितळत नाही.

त्वारुगचा क्रम उलटा आहे. आधी दूध विरजायचं, पूर्ण दही लागू द्यायचं, आंबटपणा आणि वास आत तयार होऊ द्यायचा. त्यानंतर ते दही हळूहळू कोमट करायचं, निवळी सुटली की गाळायचं. रेनेट, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणारं विकर, लागत नाही, लिंबू लागत नाही.

चक्का याच्या जवळ जातो कारण त्यातही आंबवण आहे. पण आपण विरजण्याआधी दूध चांगलं खळखळ उकळतो. त्यामुळे निवळीतली प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात आणि दही पाणी धरून ठेवतं. वर, लागलेलं दही आपण पुन्हा तापवत नाही, नुसतं टांगतो. म्हणून चक्का गुळगुळीत. श्रीखंडाला तसाच हवा. इथे कण हवा, आणि तो कण मंद तापवण्यातून येतो.

आता करायचं कसं ते सांगतो.

दूध गायीचं घ्या. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६-७ टक्के असतो, त्याचा चोथा जड येतो. गायीचं नसेल तर टोन्ड पाकीट चालेल, त्यात ३ टक्के असतो. दोन लिटर दुधाला एक उकळी फुटली की लगेच गॅस बंद. आटवू नका. खरं तर पाश्चराइज केलेलं पाकीट उकळलं नाही तर कण आणखी छान येतो, पण घरात गरोदर बाई आहे, तिच्यासाठी ती एक उकळी सोडू नका. पोलंडच्या खेड्यांत पूर्वी कच्चं दूध तसंच ठेवून आपोआप आंबवत. ती पद्धत या दिवसांत नको. कच्च्या दुधाच्या मऊ चीजमधून लिस्टेरिया नावाच्या जंतूचा संसर्ग होऊ शकतो, तो बाळाला धोक्याचा असतो, आणि हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. डॉक्टरांच्याही कानावर घालून ठेवा.

दूध बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकं निवू द्या. दोन-तीन चमचे ताजं, गोडसर दही ताकासारखं घुसळून विरजण लावा. नागपूरच्या उन्हात दुपारी लावलं तर चार तासांत दही आंबटढाण होईल. रात्री उशिरा कूलरच्या खोलीत लावा आणि पहाटे पाहा. सुरी घातली की चिरेत स्वच्छ पाणी दिसलं, म्हणजे लागलं.

दही न ढवळता पातेल्यातच सुरीने मोठ्या चौकोनात कापा. हे पातेलं गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवा, खाली अगदी बारीक आच. चमचा घालायचा मोह टाळा. अर्ध्या तासात दही कडेपासून सुटतं आणि हिरवट पिवळी निवळी वर येते. ती ४०-४५ अंशांवर, म्हणजे बोट आत ठेवता येईल पण चांगलं ऊन लागेल, तेव्हा आच बंद. ६० च्या पुढे गेलात की कण कोरडा आणि चरचरीत होतो. तसंच झाकून निवू द्या, मग ओल्या मलमलमध्ये झाऱ्याने अलगद काढा. ओतू नका, कण मोडतो.

एक-दोन तास निथळलं की पुरचुंडी चाळणीत ठेवून वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. हे सगळं फ्रिजात करा. उन्हाळ्यात बाहेर खुंटीला टांगलं तर संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं होईल इतकं आंबट होतं. लिटरला साधारण १५० ते २०० ग्रॅम निघेल. निवळी फेकू नका, कणीक भिजवा.

गोकुळपेठ:

दादा, हे पटलं. पण एक विचारू? आमच्याकडचं विरजण फार आंबट आहे, वर्षानुवर्षं तेच चालू. तेच वापरायचं का?

दुग्धशास्त्र:

नको. घरचं जुनं विरजण सहसा जोरात आंबट करतं आणि लोण्याचा तो मंद वास त्यात कमी असतो. पाकिटातलं ताजं साधं दही घ्या, त्यातून एकदा दही लावा, आणि त्या दह्याचं विरजण वापरा. फार गरम दुधात विरजलं की आंबटपणा पुढे जातो आणि वास मागे राहतो, म्हणून दूध जेमतेम कोमट होईपर्यंत निवू द्या म्हटलं.

वॉर्सावासी:

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, सध्या वॉर्सात. धागा वाचून राहवलं नाही. दादांनी सांगितलेली पद्धत अगदी बरोबर आहे, इथल्या आज्याही घरी असंच करतात.

जमलंय की नाही हे कसं ओळखायचं ते मी सांगतो. इथे दुकानात त्वारुगची त्रिकोणी वडी मिळते, स्निग्धांशानुसार कमी, मध्यम आणि भरपूर अशा तीन प्रकारांत. वडी सुरीने कापली जायला हवी, पण काट्याने दाबली की लगेच भुगा व्हायला हवा. भुगा ओलसर हवा, बोटांना चिकटायला नको. चव आधी दुधाची आणि मागून आंबट. मीठ नसतंच.

आणि ग्झिकमधली आंबट साय विकत शोधू नका काकू, ती तुमच्या घरात असते. लोणी काढण्यासाठी आपण साय साठवून तिला विरजण लावतो ना, ते सायीचं दही घुसळण्याआधी वाटीभर बाजूला काढा. इथली श्मेताना म्हणजे जवळपास तेच. त्वारुग काट्याने मोडा, त्यात सायीचं दही, किसलेला मुळा, बारीक पात, मीठ, मिरपूड. मुळा इथला लाल आणि छोटा असतो. आपला पांढरा कोवळा घ्या आणि किसून पिळा, नाहीतर पाणी सुटेल.

मी इथे याच त्वारुगचं श्रीखंड करतो. पुरणयंत्रातून दोनदा काढलं की कण नाहीसा होतो. पाडव्याला इथल्या मित्रांना वाढलं तेव्हा त्यांनी आणखी मागून घेतलं होतं.

करवीर:

थोडं विषयाबाहेर, पण लिहितोच. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सूनबाईंना माहीत नसेल तर नक्की सांगा. तिच्या देशाची माणसं महाराष्ट्रात एकेकाळी घर करून राहिली होती, हे ऐकून तिला बरं वाटेल.

वर्धेची लेक:

दुधाबद्दल सांगते. नागपूरहून वर्ध्याला कोणाचं येणं-जाणं असेल तर गोरस भांडारातून गायीचं दूध मागवा, सोबत तिथली गोरसपाक बिस्किटंही येऊ दे. आमच्या आर्वीकडे गवळाऊ गायी पाळणारे नंद गवळी आहेत. त्यांच्या दुधाचं माझ्या आईने लावलेलं दही मला अजून कुठल्याच पाकिटात सापडलं नाही. पण वर दादांनी म्हटलंय ते खरं, गवळ्याचं दूध असेल तर व्यवस्थित उकळूनच घ्या, कण कमी आला तरी चालेल.

रातराणी:

सगळ्यांचे किती आभार मानू! दादांनी लिहिलेलं मुलाला वाचून दाखवलं, त्याने सूनबाईला इंग्रजीत सांगितलं आणि आम्ही दोघींनी मिळून केलं. दूध गायीचं, पाकिटातलं. विरजण रात्री साडेअकराला लावलं, पहाटे पाचला लागलं होतं. तापवताना ती पातेल्याशेजारून हलायला तयार नव्हती. निवळी सुटायला लागली तशी वाकून वास घेतला आणि मान डोलावली.

पुरचुंडी सोडल्यावर तिने कडेचा तुकडा काढला, दोन बोटांत दाबला, तो सुटा झाला. मग तोंडात टाकून डोळे मिटून उभी राहिली. म्हणाली, घरच्यापेक्षा किंचित जास्त आंबट आहे, पण हेच ते. दुपारी बटाटे उकडून ग्झिक केलं, तिने दोनदा घेतलं. तिच्या आईला व्हिडिओ कॉलवर वाटी दाखवली. विहीणबाईंनी काय म्हटलं ते मला कळलं नाही, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

यांनीही चाखून पाहिलं, वर थोडी शेंगदाण्याची चटणी घेऊन. त्यांना फार आवडलं.

आता दोन प्रश्न. आंबटपणा थोडा कमी कसा करायचा? आणि तिच्या वाढदिवसाला सेर्निक नावाचा त्यांचा चीजकेक करायचा आहे, त्याला हे चालेल ना?

दुग्धशास्त्र:

फार बरं वाटलं वाचून. आंबटपणासाठी दही लागल्याबरोबर तापवायला घ्या, पाचऐवजी चारलाच पाहा. गाळल्यावर पुरचुंडीसकट एकदा उकळून थंड केलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवून पुन्हा निथळलं तरी आंबट उतरतं. तिला द्यायचं ते दोन दिवसांत संपवा. उरलं तर भाजायच्या पदार्थासाठी फ्रीझरमध्ये ठेवता येईल. कण थोडा भुसभुशीत होतो, केकमध्ये ते कळत नाही.

वॉर्सावासी:

सेर्निक याचाच करतात. आधी त्वारुग दळून मऊ करायचा, इथे त्यासाठी यंत्रातून दोन-तीनदा काढतात. तुम्ही पुरणयंत्राची बारीक चाळणी लावा. मग लोणी, साखर, अंडी, थोडा स्टार्च, बेदाणे. मंद भाजायचा आणि ओव्हनमध्येच निवू द्यायचा, एकदम बाहेर काढला की मध्ये बसतो. त्वारुग चांगला दाबून कोरडा करून घ्या, पाणी राहिलं तर तळ ओला होतो.

आणि त्यात इथे साखरेत मुरवलेली संत्र्याची साल घालतात. नागपुरात बसून ती विकत आणू नका.

गोकुळपेठ:

सालीचं मी सांगते, हे मला येतं. मृग बहाराची संत्री संपत आली आहेत, या आठवड्यातच घ्या. साल धुऊन आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा, बारीक कातरा. दोनदा पाण्यात उकळून दोन्ही वेळा पाणी फेका, म्हणजे कडूपणा जातो. आपल्या संत्र्याची साल पातळ असते, फार वेळ उकळू नका, लगदा होतो. मग सालीइतकीच साखर आणि बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर ठेवा. साल काचेसारखी दिसू लागली आणि पाक चिकट झाला की उतरवा. ताटलीत पसरून एक दिवस पंख्याखाली सुकवा आणि बरणीत भरून फ्रिजात ठेवा. वाढदिवस पुढच्या महिन्यात असला तरी चालेल.