सव्वादोन एकरांच्या आवारासाठी रायडिंग मोअर (वर बसून चालवायचे गवत कापायचे यंत्र) कोणता घ्यावा?

कोथरूड_ते_कोलंबस:

नमस्कार मंडळी,

गेल्या हिवाळ्यात आम्ही ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला, सव्वादोन एकर जागेतले घर घेतले. गावाकडच्या हिशेबाने हे ९० गुंठे होतात, वडिलांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न "पेरणार काय?" असा होता. गवत आधीच आहे आणि ते फक्त कापत राहायचे आहे, हे त्यांना अजून पटलेले नाही.

घर, ड्राइव्हवे आणि झाडोरा वजा जाता सुमारे पावणेदोन एकर गवत कापावे लागते. सध्या जुन्या घरातला २१ इंची ढकलायचा मोअर वापरतो आणि त्यात आठवड्याच्या तीन संध्याकाळी जातात. पुढच्या बाजूला मेपल आणि स्प्रूसची पंचवीसेक झाडे आहेत, मागचा भाग बऱ्यापैकी सपाट पण खाचखळग्यांचा आहे, आणि त्यापलीकडे जमीन उतरत जाऊन एका तळ्याला मिळते. शेडचे दार ५ फुटी आहे. दुकानातल्या विक्रेत्याने ६० इंची झीरो-टर्न (दोन दांड्यांनी चालवायचा, जागच्या जागी वळणारा मोअर) घ्या, अर्ध्या तासात मोकळे व्हाल, असे सांगितले. शेजाऱ्यांकडे मात्र साधा, स्टिअरिंगचा लॉन ट्रॅक्टर आहे आणि ते त्यावर समाधानी दिसतात. बजेट ४,००० डॉलरपर्यंत आहे. कोणता प्रकार आणि किती इंची डेक (खालचा, पाती असलेला भाग) घ्यावा, याबाबत अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

गवती_चहा:

तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द "तळे" हा आहे, त्यामुळे दुकानात परत जाण्याआधी उतार मोजून घ्या. चार फुटांची सरळ फळी उतारावर वरून खाली अशी ठेवा, तिच्यावर फोन आडवा ठेवून लेव्हलचे ॲप उघडा आणि सर्वांत तीव्र जागेचा आकडा लिहून ठेवा. बहुतेक रायडिंग मोअरच्या माहितीपुस्तिकेत १५ अंश ही कमाल मर्यादा दिलेली असते, म्हणजे १० फूट आडव्या अंतरात साधारण २.७ फूट उतरण; काही झीरो-टर्नसाठी ती याहूनही कमी असते.

झीरो-टर्नची पुढची चाके खुर्चीच्या चाकांसारखी नुसती फिरती असतात. वळणे आणि थांबणे ही दोन्ही कामे मागची दोन चाकेच करतात, त्यामुळे उतारावर त्यांची पकड सुटली की स्टिअरिंग आणि ब्रेक एकाच क्षणी हातचे जातात. हे मी ऐकीव सांगत नाही. सकाळी आठ वाजता, दव वाळलेले नसताना, घाईने मागचा उतार कापायला गेलो आणि दोन्ही दांडे मागे ओढूनही यंत्र शांतपणे घसरत कुंपणाला जाऊन टेकले. कुंपणाच्या जागी तळे असते तर हा प्रतिसाद लिहायला मी राहिलो असतो की नाही, कोण जाणे.

हिशेबी:

उताराचा निकाल लागेपर्यंत वेळेचा हिशेब करून ठेवू. डेकची रुंदी इंचांत आणि वेग ताशी मैलांत घेऊन त्यांचा गुणाकार ९९ ने भागला की एका तासात किती एकर कापून होतील ते कळते. वळणे आणि एकमेकांवर येणारे पट्टे यांसाठी त्यातले २० टक्के कमी करावेत.

४८ इंची ट्रॅक्टर ताशी ४ मैलांनी चालवला तर तुमचे पावणेदोन एकर ६८ मिनिटांत होतील. ५४ इंची झीरो-टर्न ताशी ६ मैलांनी ४० मिनिटे घेईल आणि विक्रेत्याचा ६० इंची ३६ मिनिटे. म्हणजे त्या वरच्या ६ इंचांचे मोल फक्त ४ मिनिटे! शिवाय खाचखळग्यांच्या जमिनीवर ताशी ६ मैल हा वेग कागदावरच राहतो, कारण पाठीचे मणके तो सहन करत नाहीत. वेग साडेचारवर आला की ५४ इंचीला जवळपास ५४ मिनिटे लागतात, आणि ट्रॅक्टरपासूनचे अंतर १४ मिनिटांवर येते. रुंद डेक उंचवट्यावर टेकून गवत मुळापासून खरवडतो, ते वेगळेच.

झीरो-टर्नच्या बाजूने एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवा. पंचवीस झाडांभोवती तो लगटून फिरतो, त्यामुळे नंतर ट्रिमर (हातात धरून कडेचे गवत कापायचे यंत्र) घेऊन करायचे काम बरेच वाचते. आणि ६० इंचांचा डेक ६० इंचांच्या दारातून कसा जाणार, हे विक्रेत्याला एकदा विचाराच. डेकच्या बाहेरच्या कडा कापण्याच्या रुंदीपेक्षा जास्त असतात आणि गवत फेकणारी बाजूची झडप खाली असली तर आणखी सुमारे फूटभर जागा लागते.

कोथरूड_ते_कोलंबस:

उतार मोजला. मागचा सपाट भाग ३ ते ५ अंश भरला, पण तळ्याकडची शेवटची साधारण ३० फुटांची पट्टी १७ ते १८ अंशांची निघाली. दाराचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता ट्रॅक्टरकडे कल आहे, पण त्या पट्टीचे काय करावे?

पाना_पकड:

ती पट्टी कोणत्याच रायडिंग मोअरने कापू नये, ट्रॅक्टरनेही नाही. तुमच्याकडचा २१ इंची मोअर विकू नका. गवत कोरडे असताना तो उताराला आडवा चालवा, म्हणजे पाय घसरला तरी तो अंगावर येणार नाही. ट्रॅक्टरचा नियम नेमका उलटा आहे: सौम्य उतारावरही तो वर-खाली चालवायचा, आडवा नाही, कारण आडवा असताना तो कुशीवर उलटतो. माझे मत विचाराल तर पाण्यालगतचे गवत वाढू द्यावे आणि वर्षातून एकदा-दोनदा कापावे. घरच्यांना ते अस्ताव्यस्त वाटेल, पण उंच गवतामुळे काठाची माती धरून राहते आणि कॅनडा गीजचा (जंगली हंसांचा) कळप वर चढून अंगणभर घाण करत नाही.

ट्रॅक्टर घेताना लोक हॉर्सपॉवर विचारतात. त्याऐवजी ट्रान्समिशन (इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारा भाग) विचारावे. स्वस्त लॉन ट्रॅक्टरांतले हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ट्रान्समिशन बहुधा बंदिस्त असते, त्यातले तेल बदलण्याची सोय नसते, आणि मागे भरलेली ट्रॉली जोडून ते चढावर वारंवार ओढले की तेल तापून काही वर्षांत ओढ कमी पडू लागते. नुसते गवत कापायचे असेल तर ते पुरते. मल्च (झाडांभोवती पसरायचा लाकडाचा भुसा), सरपण किंवा माती वाहायची असेल तर त्यावरच्या श्रेणीतला, जाड पत्र्याच्या डेकचा ट्रॅक्टर पाहा. पत्र्याच्या गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे लक्षात असू द्या. झाडे आणि खळगे पाहता ४८ इंचांच्या पुढे जाऊ नये; जमीन फारच ओबडधोबड वाटली तर ४२ इंचीही पुरेल.

बॅटरीवरची यंत्रे मला आवडतात, पण मे महिन्यात ओहायोचे ओले, दाट गवत कापताना माहितीपत्रकातले एकर गाठणे कठीण जाते आणि तुमच्या बजेटमध्ये मोठी बॅटरी बसणे अवघड आहे. पेट्रोलवरचा घेतलात तर ई-१५ (१५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) स्वस्त दिसले तरी भरू नका. अशा इंजिनांत ते वापरण्यास मनाई आहे. ई-१० चालते.

घरात मुले असतील तर एक गोष्ट. मांडीवर बसवून एक फेरी मारण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण तो टाळा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना रायडिंग मोअरसाठी किमान वय १६ वर्षे सांगते, आणि सोबत बसवून नेणे कोणत्याच वयात चालत नाही.

कोथरूड_ते_कोलंबस:

सर्वांचे मनापासून आभार. जवळच्या डीलरकडून ४८ इंची लॉन ट्रॅक्टर घेतला. तो शेडमध्ये जातो, पण झडप हाताने वर धरावी लागते. पहिल्याच दिवशी कापलेल्या गवतात डाव्या बाजूला एक पायरी उमटली आहे. डेक खराब निघाला का?

पाना_पकड:

आधी चारही टायरांतील हवा पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळवा. नवीन यंत्रांत वाहतुकीसाठी कधीकधी जास्त हवा भरलेली असते, आणि दोन बाजूंची हवा वेगळी असली की डेक तिरका बसतो. त्यानंतरही पायरी राहिली, तर सपाट काँक्रीटवर इंजिन बंद करून आणि स्पार्क प्लगची वायर काढून पात्याची टोके डाव्या-उजव्या बाजूला जमिनीपासून मोजा. दोन्हीकडचा फरक साधारण एक अष्टमांश इंचाहून अधिक आला, तरच डेकची पातळी जुळवणाऱ्या नटाला हात लावा.