१७५६ला विजयदुर्ग दोन दिवसांत का पडला? आंग्र्यांची लढण्याची पद्धत कुठे कमी पडली?

खाडीकाठ:
१७१७ला विजयदुर्गावर आणि १७१८ला खांदेरीवर इंग्रजांनी मार खाल्ला. १७२१ला पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर आले, तरी हात हलवत परतले. १७२४ला डचांचीही विजयदुर्गावर तीच गत झाली. मग फेब्रुवारी १७५६मध्ये तोच किल्ला दोन दिवसांत कसा गेला? 'फितुरी' आणि 'मोठ्या तोफा' ही उत्तरं सगळीकडे मिळतात, पण त्यांनी समाधान होत नाही. गुराबा-गलबतं प्रत्यक्षात लढायची कशी, ते कोणी नीट सांगेल का?

तांडेल_७:
आधी जहाजं समजून घ्या. गुराब म्हणजे मोठं लढाऊ जहाज: दोन डोलकाठ्यांची साधारण १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद आणि पुढे निमुळती होत जाणारी बुटकी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. नाळेमागच्या आडभिंतीतल्या भोकांतून दोन तोफा सरळ पुढे रोखलेल्या, ९ ते १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या). बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. गलबत सहसा ७० टनांच्या आतलं, ४०-५० वल्ह्यांचं, २ ते ४ पौंडी तोफांचं. नुसत्या वल्ह्यांवर ताशी चारेक मैल.

आता वेळ. पावसाळा सोडला की कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, दुपारकडे समुद्राकडून खारा वारा उठतो. या दोहोंच्या मध्ये वारा पडतो. तेव्हा शिडाचं मोठं जहाज जागेवरच राहतं आणि सुकाणूलाही जुमानत नाही. गलबतं मात्र वल्ह्यांवर चालतात, गुराबांना दोर लावून ओढतात आणि शत्रूच्या पिछाडीला आणून सोडतात. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना (बाजूंना) असतात, पिछाडीला मोजक्याच. म्हणून गुराब मागे राहून नाळेच्या तोफांनी डोलकाठ्यांवर मारा करते. डोलकाठी कोसळली की पुढे वारा सुटला तरी पळता येत नाही. मग चहूबाजूंनी गोळीबार, आणि तरीही निशाण उतरलं नाही तर गलबतांवरची माणसं एकाच वेळी सगळीकडून तलवारी घेऊन वर चढतात. एकेक गलबत चढवलं तर ती माणसं कापली जातात, म्हणून 'एकाच वेळी' याला फार महत्त्व.

नाळ_आणि_सुकाणू:
वर्णन बरोबर आहे, पण मर्यादाही सांगायला हवी. ती बुटकी नाळ समोरच्या लाटेत खाली जाते, पाणी वर येतं, नेम धरता येत नाही. भर वाऱ्यात मोठ्या जहाजाच्या कुशीसमोर गुराब टिकत नाही. त्यामुळे आंग्र्यांचा सगळा खेळ किनाऱ्यालगतचा होता. एकटं जहाज गाठायचं, डाव फसला तर उथळ खाडीत शिरायचं, वर किल्ल्याच्या तोफा संरक्षणाला. डिसेंबर १७३५मध्ये संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' जहाज धरलं तेही एकटंच होतं. मुंबईच्या इंग्रजांनी व्यापारी जहाजं ताफ्याने, लढाऊ जहाजांच्या सोबतीने नेल्यावर शिकार अवघड झाली.

किल्लेदार_नव्हे:
मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते उत्तर किल्ल्याच्या जमिनीकडच्या बाजूला आहे. १७२१ला कुलाबा वाचला कारण बाजीराव फौज घेऊन आले आणि पोर्तुगीजांनी वेगळा तह केला. १७५६ला पेशव्यांची तीच फौज रामाजी महादेवांच्या हाताखाली विजयदुर्गाच्या पाठीशी उभी होती, किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांच्या विरुद्ध. १७३३ला सेखोजी आंग्रे वारल्यावर भावाभावांत फाटाफूट झाली, मानाजी कुलाब्याला पेशव्यांच्या आश्रयाने राहिले, आणि आरमार दुभंगलं. ते पुन्हा सांधलं गेलं नाही, आणि मला हीच खरी हार वाटते.

दुसरं कारण खोली. एप्रिल १७५५मध्ये कंपनीच्या आरमाराच्या कमोडोर जेम्सने आंग्र्यांच्या सुवर्णदुर्गाभोवतालचं पाणी मापलं आणि जहाज तटाच्या अगदी जवळ नेता येतं हे ओळखलं. पुढे विजयदुर्गाचीही त्याने आधी जाऊन पाहणी केली. १२ फेब्रुवारीला इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं थेट विजयदुर्गालगतच्या वाघोटण खाडीत शिरली. तिथे आंग्र्यांचं आरमार एकमेकांना लागून उभं होतं. इंग्रजांकडून पकडून आणलेल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर गोळा पडला, आग लागली आणि ती गुराबांवर पसरत गेली. खाडीत अडकलेल्या आरमाराला ना वारा निवडता येतो, ना वेळ. ती पद्धत तिथे वापरायला जागाच नव्हती. त्याच रात्री इंग्रज सेनानी क्लाइव्हने जमिनीवर उतरून वाट अडवली, ती किल्ला पेशव्यांच्या हाती जाऊ नये म्हणून! १३ला किल्ला गेला.

खाडीकाठ:
धन्यवाद. मग विजयदुर्गाच्या पाण्याखालच्या भिंतीचं काय? जहाजं तिच्यावर आपटून फुटायची म्हणतात.

किल्लेदार_नव्हे:
ती भिंत समुद्राच्या बाजूला. वॉटसन खाडीच्या तोंडातून किल्ल्याच्या उत्तरेच्या बाजूला आला, त्यामुळे १७५६च्या हिशेबात ती येतच नाही.

तांडेल_७:
एक भर. आरमार जळलं तरी पद्धत जळली नाही. विजयदुर्ग पुढे इंग्रजांनी पेशव्यांना दिला, आणि एप्रिल १७८३मध्ये पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळपांनी तिथल्याच आरमाराने रत्नागिरीजवळ कंपनीचं 'रेंजर' जहाज धरलं.