‘कशाला’ आणि ‘कशामुळे’

निसर्गाकडे पाहून ‘इतकी नेमकी रचना आपोआप कशी होईल? कुणीतरी मुद्दाम केली असणार’ असं वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं. गेल्या रविवारी सहा वर्षांच्या भाचीला घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो होतो. तिने एक काळा दगड उचलला, त्यात बारीक बारीक भोकं. म्हणाली, “मामा, ही मुंग्यांना राहायला केलीत ना?” खरं तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा. काहींत नंतर पाण्यातून पांढरे स्फटिक जमले.

मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी अमेरिकेतल्या मुलांना विचारलं होतं, खडक टोकदार का असतात? बऱ्याच मुलांना ‘प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून’ हे उत्तर पटलं. पुढे घाईघाईने उत्तरं द्यायला लावल्यावर शिकलेली मोठी माणसंही याच वाटेने गेली. म्हणजे प्रत्येक गोष्टीमागे हेतू शोधायची ही सवय शिक्षणाने पुसली जात नाही, फक्त दबते.

आपण दिवसभर विळी, कुलूप, शिडी अशा हेतूनेच घडवलेल्या वस्तू हाताळतो, माणसांचे हेतू ओळखत जगतो. तीच नजर दगडावर पडते. आणि मराठीतला ‘का’ तर ‘कशाला’ आणि ‘कशामुळे’ दोन्ही पोटात घेतो! भाचीला मी एवढंच विचारलं, “आधी भोकं झाली की आधी मुंग्या आल्या?” ती घरी पोचेपर्यंत गप्प होती.